इन्फ्लुएन्झा + न्यूमोनिया : फाईलवर कोड कोणता? जे१०.०, जे११.० की आपला नेहमीचा जे१८.९?

फाईलवाला

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टच्या दवाखान्यात रेकॉर्ड विभागात नवीनच लागलो आहे. विभाग म्हणजे मी, एक कॉम्प्युटर आणि छतापर्यंत गेलेली रॅक. डिस्चार्ज झालेल्या प्रत्येक फाईलवर आयसीडी-१० चा (आजारांच्या जागतिक यादीतला) कोड टाकणं हे माझं काम. पावसाळ्यामुळे तापाचे पेशंट भरपूर, आणि सध्या तीन फाईली टेबलावर अडकून पडल्यात.

पहिली : साठीतले शेतकरी काका. डिस्चार्ज कार्डवर स्वच्छ अक्षरात "इन्फ्लुएन्झा विथ बायलॅटरल न्यूमोनिया". ऑसेल्टामिव्हिर (फ्लूचं औषध) पूर्ण पाच दिवस दिलेलं आहे. स्वाब मात्र घेतलेलाच नाही.

दुसरी : तिशीतल्या ताई. कार्डवर नुसतं "व्हायरल न्यूमोनिया". स्वाब नागपूरला गेला होता. सुट्टी झाल्यावर रिपोर्ट आला, एच१एन१ (स्वाइन फ्लू) पॉझिटिव्ह. तो फाईलमध्ये टाचणीने लावून ठेवलाय, त्यावर कोणाची सही नाही की शेरा नाही.

तिसरी : "? फ्लू. एलआरटीआय." प्रश्नचिन्ह आधी, तेही चांगलं ठसठशीत. एलआरटीआय म्हणजे श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचा संसर्ग. एक्सरेच्या रिपोर्टात उजव्या फुफ्फुसात खाली पॅच लिहिलाय, पण डॉक्टरांनी न्यूमोनिया हा शब्द कुठेच लिहिलेला नाही.

गूगलवर शोधलं तर जे१०.००, जे१०.०१, जे१०.०८, जे११.०० असे कोड येतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत ते नाहीतच. जुन्या फाईली काढल्या तर जिथे तिथे जे१८.९. विचारलं तर म्हणाले, "तेच टाक, कोण पाहते?" कोणी नीट समजावून सांगेल का?

तर्री_पोहा

"कोण पाहते" हाच खरा कोड आहे भाऊ, आयसीडीवाल्यांनी यादीत घ्यायला पाहिजे.

रेकॉर्डरूम

फाईलवाला, नोकरीची बहुतेक वर्षं नागपुरात याच कामात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी गूगलचा घोळ. आपण वापरतो ती जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१०. १९९० मध्ये मंजूर झालेली, नंतर वेळोवेळी सुधारलेली. तिच्यात इन्फ्लुएन्झाचे कोड पॉइंटनंतर एकाच आकड्याचे. तुम्हाला दिसले ते जे१०.०१ वगैरे अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम मधले. बिलांच्या गरजेपायी त्यांनी फांद्यांना आणखी फांद्या फोडल्या आहेत. इंटरनेटवर त्यांचीच पानं आधी येतात, म्हणून नवीन मुलं हमखास तिथे फसतात. संघटनेचा स्वतःचा आयसीडी ब्राउझर फुकट आहे. तोच उघडायची सवय लावा.

आता झाड बघा. जे०९ ते जे१८ हा "इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनिया" असा एकच गट आहे. जे१० म्हणजे हंगामी फ्लूचा विषाणू तपासणीत ओळखला गेला. जे११ म्हणजे फ्लू आहे, पण विषाणू ओळखल्याचं कागदावर कुठे नाही. दोन्हींत शून्य लागला की न्यूमोनियासह, एक लागला की श्वसनमार्गाची इतर लक्षणं, आठ लागला की बाकीचं, म्हणजे मेंदूवर किंवा पोटावर परिणाम वगैरे. जे१२ पासून पुढे नुसता न्यूमोनिया, जंतूप्रमाणे. आणि शेवटी जे१८.९, कारण सांगितलेलं नसलेला.

पहिल्या फाईलमध्ये डॉक्टरांनी फ्लू लिहिलाय, न्यूमोनिया लिहिलाय, तपासणी नाही. सरळ जे११.०. इथे जे१८.९ टाकलं तर डॉक्टरांनी लिहिलेला निम्मा आजार तुम्ही खोडला, आणि जे१०.० टाकलं तर न झालेली तपासणी तुम्ही करून टाकली. बरं, हा एकच कोड पुरतो. न्यूमोनियासाठी वेगळा जे१८.९ सोबत जोडायचा नाही, तो यातच आला.

दुसऱ्या फाईलला हात लावायचा नाही, आधी डॉक्टरांकडे न्या. रिपोर्ट वाचून निदान बदलायचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी कार्डावर "एच१एन१ इन्फ्लुएन्झा, न्यूमोनियासह, रिपोर्ट अमुक तारखेचा" अशी पुरवणी ओळ लिहून सही केली की जे१०.०. नाही केली तर आहे त्या शब्दांवर जे१२.९, म्हणजे व्हायरल न्यूमोनिया, विषाणू न सांगितलेला. रिपोर्ट आता आला काय आणि सुट्टीनंतर आला काय, आजार त्याच भरतीतला आहे.

तिसरीवर उद्या लिहिते, घरी पाहुणे आहेत.

बारकाईने

ताईंच्या उत्तरात एक भर. एच१एन१ म्हटलं की बरेच जण जे०९ टाकतात. त्यांचं अगदीच चूक नाही. २००९ ची साथ चालू होती तेव्हा तो विषाणू खास नोंदीत होता आणि मधल्या एका आवृत्तीत जे०९ खाली त्याचं नाव घालून छापलेलं आहे. ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक संघटनेने साथ संपल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून तोच विषाणू हंगामी फ्लू म्हणून दरवर्षी येतो. आता जे०९ चं शीर्षक प्राण्यांकडून आलेला किंवा महासाथीचा विषाणू असं आहे, त्यामुळे बर्ड फ्लूसारख्या गोष्टी तिथे. आज आपल्याकडे फिरणारा एच१एन१ असो की एच३एन२, दोन्ही जे१० मध्येच. सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या सालची आवृत्ती भरली आहे ते मात्र तपासा, भांडण तिथूनच सुरू होतं.

दुसरा सापळा : कल्चरमध्ये (जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) "हीमोफिलस इन्फ्लुएन्झी" आला की लोक फ्लूचा कोड लावतात. तो जिवाणू आहे. १८९२ मध्ये फायफर यांना तो फ्लूच्या रुग्णांत सापडला आणि हाच फ्लूचं कारण असं त्यांना वाटलं, म्हणून नाव चिकटलं. माणसातला फ्लूचा विषाणू सापडायला १९३३ उजाडलं, नाव तसंच राहिलं. त्याच्या न्यूमोनियाचा कोड जे१४. जे१० आणि जे११ खाली "यात धरू नये" म्हणून तो स्पष्ट लिहिलेला आहे.

पऱ्हाटी

"कोण पाहते" म्हणणाऱ्याईले माह्याकडं धाडा. इन्शुरन्सवाला पाहते, कोण पाहते!

मागच्या साली आमच्या बुढ्याले ताप आला, खोकला सुटेना, चार पावलं चालला की दम लागे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्रायव्हेट दवाखान्यात भरती केलं. आठ-दहा दिवस होता, देवाच्या दयेनं चांगला झाला. बँकेच्या खात्यासोबत पॉलिसी होती, मंग कागद टाकले. कार्डावर लिवलं होतं "एच१एन१ न्यूमोनिया", फॉर्मवर जे१०.०. कंपनीचं पत्र आलं का बाबा, विषाणू सापडला म्हणता तर रिपोर्ट जोडा. आता रिपोर्ट असन तर जोडीन ना! स्वाब घेतलाच नव्हता. गावात तवा दोघा-तिघाईले स्वाइन फ्लू निघाला होता, डॉक्टरनं अंदाजानं लिवून देल्लं.

तीन महिने मी दवाखाना, बँक, दवाखाना असा फिरून रायलो होतो, इकडं सोयाबीन कापणीले आलं. शेवटी डॉक्टरनंच एक चिठ्ठी देल्ली का निदान लक्षणाईवरून अन् सिटी स्कॅनवरून केलं, विषाणूची तपासणी झाली नाही. कोड बदलून जे११.० केला. मंग पास झालं. पैसे तेवढेच भेटले बरं का, एक रुपया कमी नाही. मंग आधीच खरं लिवाले काय झालं होतं?

तर्री_पोहा

पऱ्हाटी भाऊ, मोठा कोड टाकला की मोठं बिल निघते असं काही लोकांच्या डोक्यात फिट्ट बसलंय.

रात्रपाळी

मी नागपुरातच बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं कोडिंग करतो (म्हणून आयडी असा). वर ज्या लांब कोडांची चर्चा झाली ते माझ्या रोजच्या वापरातले, म्हणून फक्त फरक सांगतो. तुमच्या फाईलवर यातलं काही टाकू नका.

सीएम मध्ये जे१०.०१ म्हणजे फ्लूच्या त्याच विषाणूमुळे झालेला न्यूमोनिया. जे१०.०८ म्हणजे फ्लू ओळखला गेलाय आणि त्यावर दुसराच एखादा ठरावीक न्यूमोनिया झालाय, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकसचा. मग त्या न्यूमोनियाचा कोड सोबत वेगळा द्यावा लागतो. जे१०.०० म्हणजे न्यूमोनिया कसला ते लिहिलेलं नाही. हा भेद उगाच केलेला नाही. फ्लूचा ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप, पिवळा कफ, तर तो बहुधा वरून आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया असतो. तिथे अँटिबायोटिक लागतं. सुरुवातीपासूनच दम चढत गेला तर विषाणूच फुफ्फुसात उतरलेला असू शकतो. मूळ आयसीडी-१० मध्ये हे दोन्ही जे१०.० मध्येच बसतात.

आणखी एक मजा. अमेरिकेच्या नियमात भरती रुग्णाचं "संशयित" निदान सुट्टीच्या वेळी तसंच राहिलं असेल तर ते झालंय असं धरून कोड करायचं. फ्लूला मात्र अपवाद. जे०९ आणि जे१० फक्त पक्क्या केसला. डॉक्टरने "संशयित एच१एन१" लिहिलं तर जे११ वर यायचं. पण पक्कं म्हणजे लॅबचा कागद फाईलमध्ये पाहिजेच असं नाही, डॉक्टरने ठामपणे लिहिलं तरी पुरतं. पऱ्हाटी भाऊंच्या बाबांची केस तिकडे कोडरच्या टेबलावरून कदाचित पुढे गेली असती. कंपनीने अडवलीच असती, ते वेगळं.

रेकॉर्डरूम

पाहुणे गेले. आता तिसरी फाईल.

"? फ्लू. एलआरटीआय." यात दोन अडचणी आहेत. पॅचची अडचण सोपी आहे. एक्सरेत पॅच दिसला म्हणून आपण न्यूमोनिया म्हणायचं नाही. पॅच टीबीचा असू शकतो, जुन्या आजाराचा व्रण असू शकतो. डॉक्टरांना विचारायचं, तेही "न्यूमोनिया लिहू का?" असं नाही. ते "हो, लिही" म्हणतील आणि विषय संपेल. "एक्सरेत उजवीकडे खाली पॅच आहे, अंतिम निदानात त्याचा उल्लेख नाही, कृपया स्पष्ट करावे" अशी चिठ्ठी लावायची आणि उत्तरही फाईलवरच घ्यायचं. तोंडी नको.

प्रश्नचिन्हाचं मात्र

बारकाईने

ताई, मधेच तुटलं वाटतं. प्रश्नचिन्हाचं मी लिहितो. आयसीडी-१० च्या दुसऱ्या खंडात नियम आहे : भरतीच्या शेवटी मुख्य निदान "संशयित", "शंकास्पद" असंच राहिलं आणि पुढे कुठलीच माहिती किंवा खुलासा मिळणार नाही, तर ते निदान झालंय असं धरून कोड करा. म्हणजे उत्तर नाहीच आलं तर तिसरी फाईल जे११.१. एलआरटीआय म्हणून जे२२ हा कोड अनेकांना सुचतो, पण फ्लू धरला की श्वसनमार्गाचं त्याच्यातच येतं. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहून दिला तर जे११.०.

रेकॉर्डरूम

लाइट गेली होती. बारकाईने यांनी नियम बरोबर दिला, पण त्यातले "खुलासा मिळणार नाही" हे शब्द अधोरेखित करा. डॉक्टर परदेशी गेले, फाईल दहा वर्षांपूर्वीची आहे, तिथे हा नियम. तुमचे डॉक्टर रोज सकाळी राउंडला येतात. त्यांना न विचारता नियम दाखवायचा म्हणजे आळस.

बारकाईने

आळस नव्हे, नियम. पण मान्य.

डॉ_झाडीपट्टी

गडचिरोलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. डॉक्टरांची बाजू मांडायची नाही, प्रश्नचिन्ह का पडतं तेवढंच सांगतो.

पावसाळ्यात ताप, खोकला, धाप घेऊन आलेला प्रत्येक माणूस फ्लूचा नसतो. विदर्भात स्क्रब टायफस आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याची मोठी लाट आली होती. किडा चावतो, काखेत किंवा जांघेत सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली, तीही दर वेळी सापडत नाही. फुफ्फुसात उतरला की एक्सरे न्यूमोनियासारखाच. औषध पूर्ण वेगळं, डॉक्सिसायक्लिन. त्याचा कोड ए७५.३. म्हणून मी जेव्हा "? फ्लू" लिहितो तेव्हा ते प्रश्नचिन्ह मनापासून असतं. कोड टाकणाऱ्याने ते परस्पर पुसू नये.

स्वाब का घेतला जात नाही? शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत फ्लूचे रुग्ण ए, बी, सी अशा गटांत आहेत. ए म्हणजे सौम्य, तपासणी नको, घरी आराम. बी मध्ये ताप जास्त किंवा वय, गरोदरपण, मधुमेह, दमा यांपैकी काही, तिथे गरजेप्रमाणे ऑसेल्टामिव्हिर. सी म्हणजे धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं : भरती, तपासणी आणि उपचार. औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर उत्तम, रिपोर्टची वाट पाहायची नसते. म्हणजे न्यूमोनिया झालेल्याचा स्वाब जायला हवा. पण नळी थंड राहायला पाहिजे, तीन आवरणांत बांधायला पाहिजे, फॉर्म भरायला पाहिजे, गाडी पाहिजे. एवढ्यात पेशंट एक तर रेफर होतो नाही तर बरा होऊन घरी जातो. जे११ हा आमच्या रस्त्यांचाही कोड आहे असं समजा.

रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून फ्लू खोडू नका. ती बरेचदा चुकवते.

खरी गडबड कोडापेक्षा मृत्यूच्या दाखल्यात होते. फॉर्म ४ मध्ये पहिल्या भागात (अ) ला थेट कारण, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली ते कशामुळे. सगळ्यात खालच्या ओळीत मूळ कारण यायला हवं. आमची मंडळी (अ) ला "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" लिहितात आणि सही ठोकतात. हृदय आणि श्वास तर सगळ्यांचेच थांबतात! नीट लिहायचं तर असं : (अ) अ‍ॅक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर, १ दिवस. (ब) न्यूमोनिया, ४ दिवस. (क) इन्फ्लुएन्झा, ८ दिवस. दुसऱ्या भागात मधुमेह. मग मूळ कारण जे११.० निघतं, तपासणी असेल तर जे१०.०. (क) ची ओळ कोरी सोडली की तोच माणूस जे१८.९ मध्ये जातो आणि जिल्ह्यात फ्लूने कोणी दगावलंच नाही असा अर्थ निघतो. २०२३ च्या कायदा दुरुस्तीनंतर कारणाचा दाखला देणं सगळ्याच दवाखान्यांना बंधनकारक आहे, एक प्रत नातेवाइकांनाही द्यायची असते.

गावातली_आशा

डॉक्टरसाहेब, दवाखान्यात मेला त्याचा दाखला. घरी मेला त्याचं काय जी? आमच्याकडं म्हातारं माणूस गेलं का ग्रामसेवकाकडं नोंद होते, कारण विचारलं तर "वय झालं होतं". ताप होता का, लहाक लागली होती का, कोणी विचारतच नाही. लहान लेकराचं मात्र आम्ही पाहतो. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजतो. दोन महिन्यांच्या आतलं असलं तर ६०, वर्षाच्या आतलं ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, त्याच्यावर गेला का न्यूमोनिया समजून पुढं पाठवतो. पोट उडते का तेही पाहतो. कोड काही आम्हाले माहीत नाही.

डॉ_झाडीपट्टी

ताई, तुम्ही करता ते काम कोडाच्या आधीचं आहे. याच जिल्ह्यात 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना श्वास मोजायला शिकवून मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू कमी करून दाखवले, १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. घरच्या मृत्यूंसाठी नातेवाइकांना लक्षणं विचारून कारण ठरवायची पद्धत आहे, पण ती नमुन्यादाखल निवडलेल्या गावांत. तुमचं गाव त्यात असेलच असं नाही.

पऱ्हाटी

आमच्या आशाताईनंच बुढ्याले पहिले दवाखान्यात न्या म्हणून सांगतलं होतं. मी म्हणलो सर्दी-पडसं हाय.

फाईलवाला

सगळ्यांचे आभार. काल राउंड संपल्यावर तिन्ही फाईली घेऊन सरांच्या टेबलापाशी उभा राहिलो. पहिली जे११.० झाली. दुसरीवर सरांनी तिथेच पुरवणी ओळ लिहून सही-तारीख केली, जे१०.० झाली, आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट पोर्टलवर कळवलाय की नाही तेही विचारलं. नव्हता कळवला, तो दुपारी गेला. तिसऱ्या फाईलच्या चिठ्ठीवर लिहून आलंय : "राइट लोअर लोब न्यूमोनिया. फ्लू क्लिनिकली संभवतो, तपासणी नाही. फॉलो-अपला एक्सरे पुन्हा." म्हणजे ताई, आता हे जे११.० ना?

आणि एक. आज आलेल्या फाईलमध्ये कोविड आणि इन्फ्लुएन्झा ए दोन्ही पॉझिटिव्ह आहेत, न्यूमोनियासह. तिथे काय?

रेकॉर्डरूम

तिसरी जे११.०, बरोबर. "संभवतो" म्हटलं तरी हे त्यांचं शेवटचं मत आहे, खुलासा मागून घेतलेला आहे, आता बारकाईने यांचा नियम लागू. फॉलो-अपच्या एक्सरेत टीबी निघाला तर ती वेगळी भेट, तिचा वेगळा कोड. ही फाईल परत उघडायची नाही.

आजच्या फाईलला दोन्ही : यू०७.१ (कोविडचा) आणि जे१०.०. मुख्य कोणता ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि कोविडचा रिपोर्ट रॅपिडचा आहे की आरटी-पीसीआरचा, त्याची प्रत फाईलला लावा.